अत्यावश्यक औषधे म्हणजे केवळ स्वस्त औषधे नव्हेत

‘अत्यावश्यक औषधे म्हणजे गरिबांसाठीची स्वस्त औषधे’ हे अत्यावश्यक औषधांवरील लेखातील विधान मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा औषधांची पहिली नमुना यादी 1977 साली काढली; या यादीसाठी निवडीचा आधार लोकसंख्येतील आजारांचे प्रमाण, औषधाची सिद्ध झालेली परिणामकारकता व सुरक्षितता आणि खर्चाच्या तुलनेत मिळणारा लाभ हा आहे. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबसारखे महागडे औषधही त्या यादीत आहे. आपली राष्ट्रीय यादी 1996 साली आली आणि 2022 च्या आवृत्तीत 384 औषधे आहेत.

मात्र यादी छापली म्हणजे गोळी रुग्णाच्या हाती पडली असे होत नाही, आणि लेखात नेमका हाच भाग निसटला आहे. तामिळनाडूने 1994 साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, मर्यादित यादीतील औषधे जेनेरिक नावाने (कंपनीच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावाने) एकत्रित निविदेद्वारे घेतली, प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच वाटप केले, जिल्हानिहाय गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला औषधांसाठीच्या रकमेची नोंद असलेले पासबुक देऊन गरजेनुसार औषधे उचलण्याची मुभा दिली. याउलट, माझ्या आईला सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन अनेकदा बाहेरच्या दुकानात जावे लागले आहे. त्या गोळ्या राष्ट्रीय यादीत होत्या, दवाखान्याच्या कपाटात नव्हत्या. लेखकाने पुढील भागात खरेदी, साठा आणि वितरण यांविषयी सविस्तर लिहावे, ही मनापासून विनंती.