चार दिवसांची रजा

भोसरी एमआयडीसीत सकाळी एक चक्कर मारा. दर दुसऱ्या गेटवर बोर्ड दिसेल : 'पाहिजेत – व्हीएमसी ऑपरेटर, सीएनसी सेटर, हेल्पर'. काही बोर्ड इतके जुने झालेत की उन्हानं अक्षरं उडालीत. टपरीवर चहाला मालक मंडळी जमली की विषय तोच. "माणसं टिकत नाहीत हो. हजार रुपये जास्त दिसले की पोरगं चाललं."

माझं वर्कशॉप लहान आहे. ७ मशिन्स, २२ माणसं. मीही अनेक वर्षं हेच म्हणत आलो. आता म्हणवत नाही, आणि दुसरं कुणी म्हणालं की राहवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे लातूरकडचा एक सेटर, म्हणजे प्रत्येक नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा, होता. ६ वर्षं होता. हात असा की जॉब बदलला तरी पहिला पीस बहुतेक वेळा ओके. एका शुक्रवारी सकाळी तो केबिनच्या दाराशी आला. "साहेब, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. चार दिवस लागतील." मी फोनवर कस्टमरशी बोलत होतो. मान वर न करता म्हणालो, "आत्ता डिस्पॅच आहे, पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात मी बघितलं नाही, आणि त्यानं परत विचारलं नाही. महिन्याभरानं राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाला, "तिकडं पगार जास्त आहे."

शेवटच्या दिवशी सुट्टीच्या भोंग्याआधी त्यानं स्वतःचा मापाचा व्हर्नियर कॉटन वेस्टनं पुसला, जबड्यांना तेलाचं बोट लावलं आणि डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवला. सोबत एक वही. कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापायचं पातं), किती पीसनंतर त्याची धार जाते, जॉब धरणाऱ्या कुठल्या फिक्स्चरचा क्लॅम्प सैल होतो, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. "नवीन येईल त्याला द्या," म्हणाला. मी हे कधी लिहायला सांगितलं नव्हतं.

त्याचा वाढीव पगार किती होता, ते मला नंतर दुसऱ्या ऑपरेटरकडून कळलं. ८०० रुपये. आणि नवी कंपनी चाकणला, म्हणजे येण्याजाण्यात रोज दोन तास जास्त. आईला दवाखान्यात बहिणीच्या नवऱ्यानं नेलं होतं. हा तिथं नव्हता.

पुढच्या ३ महिन्यांत दोन सेटर येऊन गेले. हाउसिंग नावाच्या एका जॉबचं भोक मापापेक्षा मोठं झालं, १४० पीस रिजेक्ट. मी ४ दिवस वाचवले होते.

पगाराचं महत्त्व नाही, असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट 'आम्ही कुटुंबासारखे आहोत' हे वाक्य जिथं जास्त ऐकू येतं, तिथं पगाराची तारीख आधी विचारावी. सात तारखेच्या आत पगार ही अट १९३६ च्या वेतन कायद्यापासूनची. ओव्हरटाइम दुप्पट हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचं. हे कुणी मेहरबानी म्हणून देत नसतं, तरी आजही ओव्हरटाइमचे (ओटीचे) पैसे दुप्पट न देता सिंगलच देऊन वर 'सांभाळून घेतो' म्हणणारे आहेत. पीएफ कापायचा आणि भरायचा नाही, त्याला तर चोरीच म्हणावं लागेल.

मी स्वतः सेटर होतो तेव्हाची गोष्ट. ४ वर्षं ९ महिने झाल्यावर मला बोलावून सांगितलं, राजीनामा दे आणि पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराच्या हजेरीवर ये. काम तेच, मशीनही तेच. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागायची, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. कळलं तेव्हा पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. कुणीतरी कॅलेंडर समोर ठेवून माझे महिने मोजत होतं. त्यानंतर त्या कंपनीत कुणाला पाठवायची वेळ आली की मी गप्प बसायचो.

आणि माणसं येतात ती अशीच, कुणीतरी पाठवल्यावर. मोशीत, दिघीत एका खोलीत चौघं-पाचजण राहतात, रात्री मेसवर एकत्र जेवतात. कुठल्या कंपनीत ओटी बुडवतात, कुठला सुपरवायझर शिवी देतो, कुठं एक दिवस खाडा झाला की महिन्याचा हजेरी बोनस जातो, हे सगळं त्या ताटांवर बोललं जातं. गेटवरचा बोर्ड पोरं वाचतात, पण आत यायचं की नाही ते त्यांनी आदल्या रात्रीच ठरवलेलं असतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली आणि १९१० साली त्यांनी औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला. निवडुंग आणि दगडगोटे होते तिथं. तरी बेळगावची माणसं मागोमाग बायकापोरांसह त्या माळावर राहायला गेली. आपल्याकडे रस्ता आहे, वीज आहे, बस दारात येते, आणि तरी माणूस थांबत नाही. दरवेळी दोष त्याचाच कसा असेल?

त्या सेटरला मी फोन केला होता. परत ये म्हणायला नाही. चुकलो, एवढं सांगायला. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आईला आता चांगलं दिसतं साहेब."

आमच्याकडे आता रजेची वही शॉपफ्लोअरवरच, पाण्याच्या कूलरशेजारी टांगलेली असते. रजा मागितली की त्याच दिवशी 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, 'बघू' लिहायचं नाही. नाही म्हटलं तर कारण आणि त्याऐवजी कुठली तारीख, तेही लिहायचं. दवाखान्यासाठी विचारायची गरज नाही, फक्त कळवायचं. त्या दिवशी मशीन बंद राहिलं तर राहील, म्हणून प्रत्येक मशीनवर दुसरा माणूस शिकवून ठेवायला लागलो. त्याला वर्ष गेलं. खर्चही झाला.

यंदा गौरी-गणपतीला एकाच आठवड्यात ९ जणांनी रजा लिहिली. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बसून आपसांत ठरवलं. बीडच्या दोघांनी रजा दिवाळीवर ढकलली, एकजण विसर्जन करून तिसऱ्या दिवशी परत येणार आहे. उरलेल्या सहाजणांपुढे मी 'हो' लिहिलं, आणि त्या आठवड्याचा माल ४ दिवस उशिरा येईल असं कस्टमरला आजच कळवलं.