भावी आमदारांस चार हिताच्या गोष्टी

गावच्या चौकात आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला असेल आणि त्यावर नावाआधी ‘भावी आमदार’ अशी बिरुदावली झळकत असेल, तर निम्मी कारकीर्द पार पडली असे समजण्यास हरकत नाही. एकच काळजी घ्यावी. वरच्या कोपऱ्यातली पक्षश्रेष्ठींची छायाचित्रे बदलता येतील अशी ठेवावीत, आणि मध्यभागी हात जोडून उभी असलेली आपली मूर्ती तेवढी कायम राखावी.

विचारधारेची चिंता इतक्यातच करू नये. ती पक्षाच्या उमेदवारीच्या एबी फॉर्मसोबत मिळते. त्याऐवजी एखादी संस्था ताब्यात घ्यावी, आणि जमल्यास साखर कारखानाच घ्यावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सावकाराच्या पाशातून सुटणारा शेतकरी होता. आपल्या डोळ्यांपुढे ऊसतोडणीचा कार्यक्रम असावा. कोणाच्या फडात टोळी कधी उतरवायची हे ज्याच्या हाती, त्याला प्रचारसभांची फारशी गरज उरत नाही. ग्रामपंचायतीला विरोधी पॅनेल उभे करणाऱ्या सभासदावर मुळीच रागावू नये. तो भेटताच खांद्यावर हात ठेवून मुलाबाळांची चौकशी करावी. फक्त त्याच्याकडे टोळी जाणार नाही, एवढे पाहावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा ऊस जातो, त्याचा मात्र शिमगा आला तरी उभाच राहतो, त्याला तुरे येतात, वजन घटू लागते, आणि एके सकाळी तो गृहस्थ टोपी हातात घेऊन आपल्या ओसरीवर येऊन बसतो. त्याला चहा द्यावा. तोडीची चिठ्ठी चहा संपल्यावर द्यावी, आधी नव्हे.

लग्नसराईत एकही मांडव चुकवू नये आणि कोणत्याही मांडवात वेळेवर पोहोचू नये. मंगलाष्टके थांबवून आपले स्वागत पुकारले जाते, वधूवर हार हातात धरून ताटकळतात, आणि तेवढ्यात आपले आशीर्वादपर भाषण उरकते. दहाव्याला थोडे तारतम्य बाळगावे. मंजूर झालेल्या रस्त्याचा उल्लेख कावळा शिवल्यानंतरच करावा.

निवडून आल्यावर मतदारसंघाचा विकास खुंटल्याचे आपल्या ध्यानात येईल, आणि तो नेमका सत्ताधारी पक्षात गेल्यानेच सुटतो. येथे मात्र कायद्याचा अभ्यास हवा. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून घेतली आणि दोन तृतीयांशांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे शिल्लक ठेवले. तात्पर्य, पाप एकट्याने करू नये. जून 2022 मध्ये सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या शिवसेनेच्या आमदारांनी तिथली झाडी आणि डोंगर पाहिले, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून विधानसभा अध्यक्षांकडे आले, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांनी निकाल दिला तेव्हा दोन्ही गटांपैकी कोणीही अपात्र ठरले नाही. एवढ्या अवधीत एखादा पूलही बांधून झाला असता, पण तो विषय वेगळा.

पहाटे उठण्याची सवय असलेली बरी. 23 नोव्हेंबर 2019 रोजी राष्ट्रपती राजवट उठून राज्यपालांपुढे फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकला, तेव्हा बराचसा महाराष्ट्र पहिल्या चहाच्या कपावर होता. ते सरकार चौथ्या दिवशी गेले, तरी सवय चांगलीच. मंत्रिपदासाठी मात्र घाई करू नये. 288 आमदारांच्या सभागृहात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43 जणांची सोय होते. बाकीच्यांसाठी महामंडळे आहेत आणि पुढच्या विस्ताराची आशा आहे. ही आशा पाच वर्षे सहज पुरते.

वयोमानाने पुढे वारसाचा प्रश्न येतो. चिरंजीवांना पंचवीस वर्षे पूर्ण होताच उमेदवारी मागावी, हे सांगणे नलगे. पुतण्याकडे मात्र वेळीच लक्ष द्यावे. मांडवांच्या फेऱ्या, तोडीच्या चिठ्ठ्या, फ्लेक्सवाल्याची उधारी हे सारे इतकी वर्षे तोच सांभाळत आला आहे. या वाढदिवसाला चौकातून गाडी जाताना काच खाली करून पाहावे: फ्लेक्सच्या मध्यभागी हात जोडून तो उभा आहे, आणि आपण वरच्या कोपऱ्यात आहोत.