तिसऱ्यांच्या (खाडीतल्या लहान शिंपल्यांच्या) सुपाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. फेब्रुवारीत आपण देवबागला आमच्याकडे जेवलात आणि वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. बोस्टनला खाल्लेल्या क्लॅम चाउडरच्या, म्हणजे तिकडच्या शिंपल्यांच्या दाट सुपाच्या मानाने आमचे सूप पातळ निघाले, "त्यात निदान कॉर्नफ्लोअर तरी घालायचे होते", वाडग्यात मांसापेक्षा कवचेच जास्त होती आणि फलकावर असूनही कालवे (ऑयस्टर) मिळाली नाहीत, असे आपले म्हणणे आहे.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बोस्टनकडच्या चाउडरला दाटपणा येतो तो दूध, क्रीम, बटाटा आणि वरून चुरलेल्या खाऱ्या बिस्किटांमुळे. शिवाय त्यात पडणारा क्वाहॉग हा मोठा, चिवट मांसाचा, चिरूनच घालावा लागणारा शिंपला असल्यामुळे तो एवढ्या ऐवजातही आपली चव राखून असतो. आमची तिसरी कर्लीच्या खाडीतली, मांस जेमतेम नखाएवढे. क्रीममध्ये ती हरवून जाते. म्हणून आम्ही तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून रेती सोडू देतो, वाफेवर उघडतो, त्यांना सुटलेले खारट पाणी फडक्यातून गाळून घेतो आणि त्यातच आले, मिरची व नारळाचा पातळ रस घालतो. जाड रस अगदी शेवटी, मंद आचेवर, कारण उकळी फुटली की तो फाटतो. सुपाला जो काही स्निग्धपणा आहे तो एवढाच, आणि तो वाढवण्यासाठी पीठ घालण्याचा आमचा विचार नाही. (काही पाहुणे हे सूप सरळ भातावर ओततात, माझ्या मते तेच बरोबर आहे.)

कवचे आम्ही मुद्दाम ठेवतो. वाफेवर न उघडलेली तिसरी आम्ही टाकून देतो, आणि उघडलेली तशीच वाढली की पाहुण्याला आपण काय खातो ते डोळ्यांनी दिसते. नुसते सोललेले मांस वाढले तर ते आजचे की बर्फातले, हे ओळखणे कठीण. तिसऱ्या बाजारात वाट्याने मिळतात आणि वाट्याचे बहुतेक वजन कवचाचेच असते, तेव्हा दर ठरताना तेही मोजावे लागते.

कालवांचे कारण वेगळे. ती खडकाला घट्ट चिकटलेली असतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी दूरवर गेली की बायका लोखंडी हत्याराने ती फोडून काढतात. आपण आलात ते अष्टमीच्या सुमाराचे, म्हणजे भांगाचे दिवस होते. पाणी पुरेसे उतरत नाही आणि खडक उघडे पडत नाहीत. फलकावर कालवांपुढे "मिळाल्यास" असे लिहिलेले आहे ते यासाठीच. साठवणीतली कालवे वाढणे सोपे होते, पण ती ताजी म्हणून वाढणे आम्हाला पटले नसते.

पुन्हा येणार असाल तर पावसाळा टाळून, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास या आणि आदल्या दिवशी फोन करा. कालवे आली असतील तर आपल्यासाठी बाजूला ठेवू.