आधी ते पोतं काढा

जुळे सोलापुरातल्या आत्याचा फोन आला, "एसी गारच करीना झालाय रे, दर दहा मिनिटाला बंद पडायलाय." गेलो. गच्चीवर चढलो तर आउटडोअर कुठं दिसेचना. त्याला चारी बाजूंनी ओलं पोतं गुंडाळलेलं, वरून सुतळीनं करकचून बांधलेलं, शेजारी बादली आणि मग. "दर तासाला पाणी मारते," आत्या कौतुकानं सांगत होती. कुणी सांगितलं असं करायला, विचारलं तर फोनवरचा एक मेसेज पुढं केला.

मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलाय, पंधरा वर्षं एसी-फ्रिजचीच कामं करतोय. हा मेसेज यंदा मला चौथ्यांदा आला. तीनदा हसून सोडून दिला, ही माझी चूक. 'उन्हाळ्यात बिल निम्मं करा' असा मथळा, खाली सहा उपाय आणि शेवटी 'वीज कंपनी हे तुम्हाला कधीच सांगणार नाही, दहा जणांना पाठवा'. उपाय असे: एसी १६ वर लावा, खोली गार झाली की बंद करा, पुन्हा लावा. आउटडोअरला ओलं पोतं गुंडाळा. दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्या. स्टॅबिलायझर वीज खातो, काढून टाका. ३०० च्या वर एक युनिट गेलं तरी सगळं बिल वरच्या दरानं लागतं, म्हणून २९९ ला घर बंद करा. आणि मीटर पळत असेल तर त्याला लोहचुंबक चिकटवा.

पोत्यापासून सुरू करतो, कारण ते मी हातानं सोडलंय.

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, तो हमाल आहे. टाकायची जागा म्हणजे आउटडोअरची कॉइल, तांब्याची वेटोळी नळी. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरची हवाच ४२-४३ अंश असते. त्या हवेत उष्णता सोडायची तर कॉइल हवेपेक्षा तापलेली लागते, चांगली दहा-पंधरा अंशांनी. पंखा हवा ओढतो, ती कॉइलमधून जाते, गरम होऊन बाहेर फेकली जाते. आता त्याच्या तोंडाला पोतं बांधलं की फेकलेली गरम हवा आतल्या आत फिरते आणि कॉइल तीच हवा पुन्हा ओढते. आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, शेवटी ओव्हरलोडवर ट्रिप होतो. आत्याचा 'दर दहा मिनिटाला बंद' तो हाच. मी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला: पोतं असताना ९.८ अँपिअर. पोतं काढून कॉइल धुतल्यावर ७.४. दीड टनाचा जुना, साध्या कॉम्प्रेसरचा एसी आहे तिचा. म्हणजे बिल कमी करायच्या नादात बाई एसी चालू असताना तासाला जवळपास अर्धं युनिट जादा जाळत होती.

मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात कूलर असणार. कोरड्या हवेत पाणी उडालं की हवा गार होते, हे खरं आहे. सोलापुरात पहिला वळीव पडेपर्यंत कूलर झकास चालतो तो त्याच्याच जिवावर, आणि एसीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास विजेत. पण कूलरच्या ओल्या गवतातून हवा आरपार जाते. पोत्यातून ती जात नाही. शिवाय आपलं बोअरचं पाणी! पाणी उडून जातं, क्षार राहतात. बारा दिवसांत कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर, म्हणजे फिन्सवर, पांढरा थर बसला होता, इडलीपात्राच्या तळाला बसतो तसा. आणि चालू आउटडोअरवर मगानं पाणी मारताना त्याच्या कडेला वायरिंगची पट्टी असते, हे तिला माहीत नव्हतं. तिला काही झालं नाही, एवढंच.

यात अर्धं खरं आहे ते सांगून टाकतो, नाहीतर आत्या म्हणेल मुद्दाम लपवलं. पश्चिमेच्या भिंतीवरच्या आउटडोअरला सावली केली तर फायदा होतो, थोडा. सावली म्हणजे वर पत्र्याचा छज्जा. चारी बाजूंनी मोकळं, समोर तर काहीच नको. अंगाला गुंडाळलेलं काहीही चालत नाही. ताडपत्री नाही, जुनी चादरही नाही. (सोलापुरात चादरीला तोटा नसतो, म्हणून सांगतो. एका घरी तीही पाहिलीये.)

आता १६ चं. रिमोटवरचा आकडा म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर नव्हे. कुठं थांबायचं एवढंच तो सांगतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वर लावा की २६ वर, चालताना तेवढ्याच जोरानं चालतो. फरक इतकाच की २६ ला तो अधूनमधून कटऑफ होतो आणि १६ वर आपल्या स्लॅबखाली रात्रभर होतच नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली ऊन ओततो. तिथं १६ अंश कुठून येणार? पूर्वीच्या माळवदाला निदान मातीचा जाड थर तरी असायचा. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, फरक मोठा असला की जोरात पळतो, हे कबूल. पण ३६ अंशांच्या खोलीत तो २४ वरही सुरुवातीला पूर्ण जोर लावतोच.

आणि हे माझं मत नाही. केंद्र सरकारच्या बीईईचं, म्हणजे स्टार लेबल देणाऱ्या ब्युरोचं म्हणणं आहे की तापमान एक अंशानं वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा प्रत्येक घरगुती एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येईल असाच बनवायचा, हा नियम आला. तुमचा नवा एसी २४ दाखवत सुरू होतो तो उगाच नाही. तो आकडा खाली दाबणारं बोट आपलं असतं.

गॅसचा मुद्दा आमच्याच धंद्यातल्या लोकांनी पसरवलाय, हे लाज वाटत असली तरी सांगतो. गॅस तांब्याच्या बंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी लिकेज आहे. ते न शोधता दर मार्चला गॅस भरणारा मेकॅनिक तुमचा पाहुणा झालाय. बहुतेक वेळा गॅस पुरेसा असतो, खोलीतल्या युनिटच्या फिल्टरची जाळी तुंबलेली असते. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारच्या घरांत तर फिल्टरवर तुसाची गादी साचते, पंधरा दिवसांत. नळाखाली धरा, वाळवा, बसवा. याला पैसे लागत नाहीत.

स्टॅबिलायझर किंचित वीज घेतो, बरोबर. संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले आणि व्होल्टेज पडलं की जुन्या कॉम्प्रेसरला तोच वाचवतो. ज्या नव्या मॉडेलवर कंपनीनंच नको लिहिलंय, तिथं नको.

३०० युनिटांची भीती निराधार आहे. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत आणि वरचा दर फक्त त्या टप्प्याच्या वर गेलेल्या युनिटांना लागतो. आत्याचं मेचं बिल ५४० युनिटांचं. त्यातल्या ४० युनिटांनाच सगळ्यात वरचा दर. बाकी ५०० खालच्या टप्प्यांनी. तरी बिल भरमसाट वाटतं, कारण एसी नसताना तिचा वापर ९० च्या घरात असतो आणि स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर १६ टक्के वीज शुल्क हे सगळं डोक्यावर बसतंच. एप्रिल-मेच्या सुमाराला सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, त्यालाही लोक दरवाढ म्हणतात. आणि मीटरवर शंका घेऊच नये असं मी म्हणत नाही. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरीनं बिल येतं, पुढच्या महिन्यात सगळं एकदम वसूल होतं. तेव्हा बिलावरचा मागच्या महिन्यांचा वापर बघा. घरातला मेन बंद करूनही मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर महावितरणच्या १९१२ नंबरला तक्रार करा, मीटर तपासून मागा.

पण लोहचुंबक? हे लिहिणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. चकतीचे मीटर गेले त्याला जमाना झाला. आताचे मीटर इलेक्ट्रॉनिक आहेत. चुंबक जवळ आणलं तर त्यांच्यावर परिणामच होत नाही, नाहीतर त्याची नोंद होते. आणि मीटरशी छेडछाड म्हणजे वीज कायदा २००३, कलम १३५, वीजचोरी: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आत्याला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ते मी केलं नव्हतं बाबा, लोहचुंबक मिळालंच नाही." मिळालं असतं तर केलं असतं, हे ऐकून मी खालीच बसलो.

मग तिला एक काम दिलं. रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा.  पोतं नाही, कॉइल धुतलेली, एसी २६ वर, वरून पंखा दोनवर: एका रात्रीत १० युनिट. पंखा लावला तर एसीची गार हवा निघून जाते असं तिला वाटायचं. आता वाटत नाही.

पोतं तिनं कुंड्यांखाली अंथरलंय. मेसेज मात्र दहा जणांना पाठवून झाला होता. त्यातल्या दोघांच्या घरची पोती काल मी जाऊन काढली. तिसरे विडी घरकुल वसाहतीत राहतात, फोन उचलत नाहीत, आज संध्याकाळी तिकडं जाणार आहे.