अण्णांचं कुलूप

आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे अण्णांना, कुलूप ओढून बघायची खोड आहे. खोड आपलं मी म्हणतो. आई सरळ म्हणते, ‘मंत्रचळ लागलाय त्याला.’ जपात मंत्र चुकला की माणसाचं डोकं फिरतं, असा जुना समज. त्यातून आलेला हा शब्द. आता ओसीडी नावाच्या मानसिक आजारालाही मराठीत मंत्रचळच म्हणतात. आमच्या गल्लीत तो शब्द फार स्वस्त झालाय. वहिनींनी ओटा दोनदा पुसला तरी मंत्रचळ!

ओळखीच्या डॉक्टरांनी समजावलं : नको तो विचार डोक्यात घुसतो, तो घालवायला माणूस तीच तीच कृती करतो, घटकाभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यानंच खोड पक्की होते. दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जायला लागला, तर इलाज करायचा. अण्णांनी घड्याळ लावून मोजलं. तासाला जरा कमी भरलं. मग घड्याळ नीट चालतंय का, हे तपासण्यात उरलेला तासही भरला.

कुलूप दणकट आहे हो. अण्णा ते आधी खाली ओढतात, मग डावीकडे पिळतात, शेवटी कानाजवळ नेऊन हलवतात. परवा कुलूप शाबूत राहिलं आणि कोयंडाच स्क्रूसकट हातात आला. सुतारानं भोकं बघितली अन् विचारलं, ‘चोर किती जण होते बे?’

पुतण्यानं तोडगा काढला : कुलपाचा फोटो काढायचा आणि शंका आली की बघायचा. आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत रिक्षा सुखरूप गेली. तिथं अण्णांना वाटलं, हा फोटो कालचा असला तर? फोटोवर तारीख असते म्हटलं, तर मोबाईलच्या तारखेचा काय भरवसा! रिक्षा माघारी. रिक्षावाला आता आमच्याकडून भाडं आधीच दोन्हीकडचं घेतो.

तेव्हापासून अण्णा फोटोत कुलपाशेजारी त्या दिवसाचा पेपर धरतात, ओलीस ठेवलेल्या माणसाच्या हातात देतात तसा. खरंच गुण आला. संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळे वेळेत पोचलो, अण्णा पाळण्यातसुद्धा बसले.

पोरांना गड्डा पुन्हा बघायचा होता. सत्तावीस जानेवारी ठरली. सगळे नटून दारात उभे, आणि अण्णा पेपर शोधतायत. सव्वीसला छापखान्यांना सुट्टी, सत्तावीसला पेपर कुठला यायला!

पोरं गेली वहिनींबरोबर. अण्णा घर राखायला थांबले, कुलूप न लावता.