माळरानावर झाडं लावून कुणाचं ऋण फेडताय?

‘पडीक माळ हिरवा करा, निसर्गाचं ऋण फेडा’ हा मेसेज भाचीच्या शाळेच्या पालक ग्रुपवरही आला आणि पोरांना खड्डे खणायला न्यायचं ठरू लागलं, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: माळावर काहीच नसतं, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावलं की प्राण्यांना घर मिळतं, पाणी जिरतं आणि कार्बन शोषला जातो.

सगळ्यात घातक आहे ते ‘प्राण्यांना घर मिळतं’. घर आधीपासूनच आहे, तुम्ही ते मोडताय. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये नुसता खळगा करून अंडी घालतात. अंड्यांचा रंग मुरमासारखा, त्यामुळे पायाखाली आली तरी कळत नाहीत. माळटिटवीचा विणीचा मुख्य काळ मार्च ते मे, आणि पावसाळी लागवडीचे खड्डे खणले जातात नेमके एप्रिल-मेमध्ये. जेसीबीने समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) मारले की अंडी तर जातातच, शिवाय वर्षानुवर्षं जमलेलं गवताच्या मुळांचं जाळंही तुटतं. पुढे झाडं वाढली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांद्या मिळतात. मारवेल, पवन्या ही उन्हातली गवतं. दाट सावलीत ती विरळ होतात. गवत गेलं की चिंकारा, खोकड, लांडगा यांचंही बस्तान उठतं. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, म्हणजे मोकळ्या गवताळ माळावर जगणाऱ्या पक्ष्यासाठी. ‘काहीच नसतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आणि गिरिपुष्प तर मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ते सोयीचं वाटतं. पण धनगराच्या मेंढरांनी मग खायचं काय?

कार्बनचं उत्तर २०१९ मध्येच मिळालंय. जगभर झाडं लावून २०५ अब्ज टन कार्बन साठवता येईल, असा अंदाज ‘सायन्स’मध्ये छापून आला होता. त्याच नियतकालिकात वेल्डमन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जवळपास पाचपट फुगलेला असल्याचं दाखवलं. एक मोठं कारण म्हणजे मूळच्या गवताळ प्रदेशांच्या मातीत आधीपासून असलेला कार्बन हिशेबात नीट धरलाच नव्हता. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली असतो. वणव्यात पातं जळतं, तो बहुतांशी टिकतो.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं, तेवढं मान्य करावं लागेल. सह्याद्रीच्या तोडलेल्या उतारावर मूळचं जंगल परत आणणं योग्यच आहे. पण वीतभर माती आणि खाली मुरूम असलेल्या कमी पावसाच्या माळावर माती धरून ठेवायला दाट गवत पुरतं, आणि दाट लागवड उलट जमिनीतलं पाणी ओढते.

काही माळ अतिचराईने उघडे पडलेत, हेही खरं. त्यांना गवतच हवं. गावाशी आणि मेंढपाळांशी बोलून माळाचे भाग पाडा. जूनपासून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, एका भागात चराई बंद ठेवा. मग गवत कापून न्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग. अगदीच उघड्या जागी जवळच्याच माळावरचं मारवेल-पवन्याचं बी पावसाच्या तोंडावर फोका, नांगर लावू नका. झाडंच लावायची हौस असेल तर ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा: बाभूळ, हिवर, बोर. पोरांना माळावर जरूर न्या, पण ऑक्टोबरात, गवत ओळखायला. कुदळी घरीच ठेवा.