कोन काढू नका, आणि ती गोळी तर मुळीच देऊ नका

नसबंदी झालेल्या कुत्र्या-मांजरांच्या काळजीबद्दलचा एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गळ्यातला कोन (जखम चाटता येऊ नये म्हणून डोक्याभोवती घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर) काढा, जनावराच्या लाळेतच औषध असतं, टाक्यांवर हळद-खोबरेल लावा, दुखत असेल तर अर्धी क्रोसिन द्या, दोन दिवसांत उड्या मारायला लागलं की झालं बरं. लिहिणाऱ्याला जनावरांची माया असेलही, पण हे ऐकून एखाद्या घरातलं मांजर जीव गमावेल.

आधी गोळीचं बोलू. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. ते पचवून निष्प्रभ करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच बिघडते: हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं. कुत्र्यालाही घरातली आयब्युप्रोफेन देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दुखणं असतंच, ते अंगावर काढायला लावू नये. पण औषध डॉक्टरांनी वजन पाहून लिहून दिलेलंच हवं. चुकून गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

लाळेत जंतू मारणारे काही घटक असतात, एवढं खरं आहे. पण त्याच तोंडात रोग करणारे जंतूही असतात, आणि मांजराची काटेरी जीभ टाका ओढून काढते. आमच्या मनीची केविलवाणी नजर बघवेना म्हणून मी एका रात्री तासभर कोन काढला. तेवढ्यात दोन टाके सुटले आणि तिला पुन्हा भूल द्यावी लागली. आजही ते आठवलं की जीव कळवळतो. कोनात खाता येत नसेल तर पसरट ताटली ठेवा, किंवा समोर बसून जेवण होईपर्यंतच काढा.

हळद आपल्या बोटाला लावतो तशी इथे नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तेलाच्या वासाने जनावर जास्तच चाटतं, आणि पिवळ्या थराखाली लाली दिसत नाही. डेटॉलही नको, मांजराला तर नकोच. टाके कोरडे ठेवायचे, आंघोळ नाही.

‘दोन दिवसांत बरं’ यावर मात्र बऱ्याच जणांचा विश्वास बसतो, कारण जनावर खरंच हुंदडायला लागतं. पण मादीचं पोट उघडून अंडाशय, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढलेलं असतं. कातडीखाली स्नायूंनाही टाके असतात. सोफ्यावरच्या एका उडीने ते उसवू शकतात. म्हणून दहा ते चौदा दिवस कुत्र्याला पट्टा बांधूनच शी-शूला न्या, जिने आणि मस्ती बंद. मांजराला एका खोलीत ठेवा आणि रेतीऐवजी फाडलेलं वर्तमानपत्र वापरा, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत.

नराची जखम लहान असते, पण कोन त्यालाही हवाच. शिवाय नसबंदीनंतर काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. घरात माजावर येणारी मादी असेल तर दोघांना वेगळं ठेवा.

रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात जखम पाहा. पू, वाढती सूज, ठिबकणारं रक्त, पांढुरक्या हिरड्या, पुन्हापुन्हा उलट्या, किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.